सुगंधी तेलाने पेशीतलं कॅटालेज वाढतं का? खान्देशातल्या कॉलेज-प्रयोगशाळेत हे तपासायचं कसं

पहिल्या वेळी निकाल इतका छान आला होता की त्या रात्री मी घरी सगळ्यांना शेवभाजीची पार्टी दिली. ओव्याचं तेल दिलेलं यीस्ट हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकलं की भराभर फसफसायचं. तेल न दिलेलं आपलं सावकाश. तेलाने कॅटालेज, म्हणजे पेरॉक्साइड फोडणारं पेशीतलं एन्झाइम, वाढलं, असा सरळ हिशेब मी वहीत मांडून मोकळा झालो. तीन आठवड्यांनी तशाच पेशी फोडून आतलं कॅटालेज मोजलं, तर ते चक्क कमी निघालं.

झालं होतं असं की ओव्याच्या तेलाने पेशीच्या पटलाला भोकं पाडली होती. पेरॉक्साइड सरळ आत घुसत होतं आणि आत जेवढं कॅटालेज होतं तेवढं सगळं एकदम कामाला लागत होतं. घराची भिंत पडली की आतली माणसं रस्त्यावरून दिसायला लागतात. म्हणून घरात माणसं वाढली असं कोणी म्हणत नाही. मी मात्र तेच म्हणत होतो.

हा लेख त्या चुकीतून आला आहे. बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी 'अमुक वनस्पतीच्या तेलाचा अँटिऑक्सिडंट एन्झाइमांवर परिणाम' हा विषय आपल्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच. विषय चांगला आहे, खर्च बेताचा आहे, माल आपल्या शिवारात मिळतो. पण निकालाचा अर्थ लावताना बहुतेक जण तिथेच घसरतात जिथे मी घसरलो.

आधी पेशीच्या आत काय चालतं ते

ऑक्सिजन वापरून जगणाऱ्या प्रत्येक पेशीत थोडी ठिणगी उडतच असते. तंतुकणिकेत श्वसन चालू असताना काही इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड तयार होतं. त्याला सांभाळणारं पहिलं एन्झाइम म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, थोडक्यात एसओडी. १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ते दाखवून दिलं. एसओडी सुपरऑक्साइडचं रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करतं. म्हणजे एक संकट मिटवून दुसरं, जरा सौम्य, पुढच्याच्या हाती देतं. पुढचा म्हणजे कॅटालेज. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. बुडबुडे दिसतात ते याच ऑक्सिजनचे. त्याच्याच जोडीला ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज असतं. ते ग्लुटाथायोन खर्च करून पेरॉक्साइड निकालात काढतं आणि पटलातल्या बिघडलेल्या चरबीलाही हात घालतं.

ही साखळी आहे हे डोक्यात पक्कं ठेवा. नुसतं एसओडी वाढलं आणि कॅटालेज जिथल्या तिथे राहिलं, तर पेशीत पेरॉक्साइड साचण्याचा धोका वाढतो. त्यामुळे एकच एन्झाइम मोजून 'तेल गुणकारी आहे' असं लिहिणं म्हणजे नाक्यावर एक पोलीस दिसला म्हणून गावात शांतता आहे असं समजणं.

आता तेल इथे काय करतं? 'तेलात अँटिऑक्सिडंट असतात, ते फ्री रॅडिकल पकडतात' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. थायमॉल, युजेनॉल यांसारखी फिनॉल गटाची द्रव्यं काचेच्या नळीत खरोखर ते करतात. पण पेशीतली एन्झाइमं वाढतात ती बहुधा वेगळ्या वाटेने. तेल पेशीला थोडं चावतं. पेशी सावध होते आणि बंदोबस्त वाढवते. गवती चहातलं सिट्रल घ्या. हा रेणू प्रथिनांतल्या सिस्टीनच्या गंधक असलेल्या टोकाला जाऊन चिकटू शकतो. आपल्या पेशींमध्ये कीप-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते एनआरएफ-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि नष्ट व्हायला पाठवतं. कीप-१ च्या सिस्टीनला असा चिमटा बसला की एनआरएफ-२ सुटतं, केंद्रकात जातं आणि संरक्षणाची जनुकं चालू करतं. जपानमधल्या यामामोटो यांच्या गटाने १९९९ मध्ये कीप-१ ची ही भूमिका मांडली.

म्हणजे एन्झाइम वाढणं हे पेशीचं उत्तर आहे आणि तेल हा तिला विचारलेला खोचक प्रश्न. प्रश्न हळू आवाजात विचारला तर उत्तर मिळतं. कानाशी ओरडलं तर पेशी मरते. पूर्ण प्रयोग या मात्रेभोवती फिरतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: यीस्टमध्ये एनआरएफ-२ नसतं. तिथे हेच काम यॅप-१ आणि एमएसएन-२, एमएसएन-४ ही प्रथिनं करतात. यीस्टवरचा निकाल माणसाच्या यकृताला लावून मोकळं होऊ नका.

कोणतं तेल घ्यावं

माझं मत विचाराल तर खान्देशात बसून लॅव्हेंडर मागवू नये. आपल्या दारात रोशा आहे. रोशा गवत, कुठे तिखाडी म्हणतात, सातपुड्याच्या उतारांवर पूर्वीपासून उगवतं. एकोणिसाव्या शतकात खान्देशातून रोशाचं तेल मुंबईच्या बंदरात जायचं आणि तिथून पुढे तुर्कस्तानापर्यंत. तिकडे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. कारण साधं आहे, रोशाच्या चांगल्या तेलात जिरॅनिऑल तीन-चतुर्थांशाहून जास्त असतं आणि जिरॅनिऑलला गुलाबाचा वास येतो. यातही दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. वरून गवत जवळपास सारखंच दिसतं, पण सोफियात जिरॅनिऑल कमी असतं. बोटांत पातं चुरगळून वास घ्या. गुलाबासारखा गोड आला तर मोतिया, आल्यासारखा तिखट आला तर सोफिया. प्रोजेक्टमध्ये जात न लिहिता नुसतं 'रोशा' लिहिलंत, तर पुढच्या माणसाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही.

रोशा मिळत नसेल तर ओवा. ओव्याच्या दाण्यात दोन ते चार टक्के तेल असतं, त्यामुळे शंभर ग्रॅममध्ये काम भागतं. त्यात थायमॉल भरपूर, साधारण तिसरा हिस्सा ते निम्म्याहून थोडं जास्त. गवती चहात सिट्रल सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात. तुळशीचं मात्र जपून. एका अंगणातल्या तुळशीत युजेनॉल जास्त, दुसऱ्या अंगणात मिथाइल युजेनॉल जास्त, आणि कापूर तुळस ही तर प्रजातीच निराळी. वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून ओळख पटवून घ्या आणि वाळवलेला नमुना कागदावर चिकटवून कॉलेजात ठेवा.

बाजारातली 'शुद्ध' तेलाची बाटली आणून प्रयोग करू नका. मी एकदा आणलेल्या बाटलीतला थेंब कागदावर टाकला, तर दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग तसाच होता. उडून जाणाऱ्या तेलाने असा डाग सोडायचा नसतो. कोणीतरी खाद्यतेल ओतलं होतं.

पायरी पहिली: तेल काढणं

रोशा फुलोऱ्यावर येतो तो पावसाळा सरल्यावर. दिवाळीच्या आसपास कापा. सकाळचं दव उडाल्यावर कापावं आणि एक दिवस सावलीत सुकवावं. उन्हात टाकलंत तर अर्धा माल हवेत जाईल, आणि आपल्याकडचं ऊन कसं असतं ते सांगायला नको.

क्लेव्हेंजर उपकरण बहुतेक फार्मसी कॉलेजांत असतं. नसेल तर ओळख काढा. क्लेव्हेंजर यांनी १९२८ मध्ये मांडलेलं हे काचेचं उपकरण साधंच आहे. खाली फ्लास्कमध्ये पाणी आणि वनस्पती, वर कंडेन्सर, बाजूला खुणा असलेली नळी. वाफेबरोबर तेल वर जातं, थंड होऊन नळीत पाण्यावर तरंगतं आणि पाणी परत खाली येतं. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये ओव्याचे शंभर ग्रॅम दाणे जरा भरडून घ्या, फ्लास्क अर्ध्याहून थोडा जास्त भरेल इतकं पाणी घाला आणि तीन तास मध्यम उकळी ठेवा. दाण्याचं पीठ करू नका, फेस वर चढतो. रोशात तेल फार कमी, ताज्या गवताच्या अर्ध्या टक्क्याच्या आगेमागे. त्यामुळे दोन-तीन खेपा कराव्या लागतील.

नळाचं पाणी कंडेन्सरमध्ये फिरवताना त्याचं तापमान बघा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. ते कंडेन्सर काय थंड करणार! बादलीत बर्फ टाकून छोट्या पंपाने पाणी फिरवा.

घरच्या कुकरला नळी जोडून तेल काढायचे व्हिडिओ मुलं दाखवतात. नळीत पाला अडकला आणि वाफ कोंडली तर कुकर फुटतो. ते करू नका.

निघालेल्या तेलात पाण्याचा अंश राहतो. निर्जल सोडियम सल्फेटची चिमूट टाका, ढवळा, स्वच्छ तेल वरून काढून गडद तपकिरी काचेच्या लहान कुपीत गळ्यापर्यंत भरा. कुपी अर्धी रिकामी राहिली तर वरच्या हवेतला ऑक्सिजन तेलाला खातो आणि तेलातच पेरॉक्साइड तयार होतात. मग तुम्ही तेलाचा परिणाम मोजताय की खराब झालेल्या तेलाचा, ते कळायला मार्ग नाही. कुपीवर तारीख, ठिकाण, जात आणि झाडाचा भाग लिहा. ठेवायचं चार अंश सेल्सिअसला.

ओव्याच्या तेलाची एक गंमत आहे. फ्रीजमध्ये ठेवल्यावर तळाशी पांढरे खडे जमतात. तुमच्या आजीने ते बघितले तर लगेच ओळखेल: ओव्याचं फूल. थायमॉलच ते. हेच ओव्याचं फूल, कापूर आणि पुदिन्याचं फूल एकत्र ठेवले की तिन्ही घन पदार्थ विरघळून पाणी होतात आणि अमृतधारा तयार होते. पण आपल्या कामात हे खडे घात करतात. वरचं तेल पिपेटने घेतलंत तर थायमॉल तळाशीच राहिलेलं असतं. म्हणून दर वेळी कुपी बाहेर काढून अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, खडे पूर्ण विरघळेपर्यंत हलवा, मगच तेल घ्या.

तेलात नेमकं काय आहे ते जीसी-एमएसवर, म्हणजे घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, एकदा तपासून घ्या. विद्यापीठात किंवा मोठ्या फार्मसी कॉलेजात पैसे भरून होतं. मार्गदर्शक म्हणाले 'नंतर बघू', तरी हट्ट धरा. घटक माहीत नसलेल्या तेलावरचा प्रयोग म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट.

पायरी दुसरी: यीस्ट तयार करणं

यीस्ट स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि एसओडी-कॅटालेज दोन्ही त्याच्यात आहेत. शाळेच्या प्रयोगाला बेकरीचं ड्राय यीस्ट चालतं. प्रोजेक्टला मात्र एका कॉलनीपासून वाढवलेलं घ्या. माध्यमात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २ टक्के, ग्लुकोज २ टक्के. तापमान ३० अंश, हलवणी मिनिटाला १८० फेरे.

दोन गोष्टी इथे निकाल फिरवतात. एक म्हणजे ग्लुकोज. भरपूर ग्लुकोज असताना यीस्ट कॅटालेज दाबून ठेवतं, आणि ग्लुकोज संपत आलं की आपोआप वाढवतं. रात्रभर वाढवलेल्या म्हाताऱ्या पेशींची तुलना सकाळच्या ताज्या पेशींशी केलीत तर फरक दिसेल, पण त्यात तेलाचा काही हात नसेल. सगळे फ्लास्क एकाच वाढीच्या टप्प्यावर घ्या. ६०० नॅनोमीटरला गढूळपणा ०.५ आला की सुरुवात करा.

दुसरी गोष्ट म्हणजे आपला मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या वर जातो. कॉलेजातला साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करू शकत नाही. बाहेर खोलीत ३९ अंश असताना त्याच्यावर ३० चा आकडा लावून काही उपयोग नाही, आतही ३९ च राहणार. आणि उष्णतेचा झटका बसला की यीस्ट स्वतःहून कॅटालेज वाढवतं. म्हणजे कंट्रोलच, तुलनेसाठी ठेवलेलं तेल न दिलेलं यीस्टच, बिघडलेला. बीओडी इन्क्युबेटर, ज्यात थंड करायची सोय असते, तो मिळत नसेल तर प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा. रोशाही तोवर हाताशी आलेला असतो. दिवाळीनंतर तेल, थंडीत यीस्ट, असं वेळापत्रक मी आता पक्कं केलं आहे.

पायरी तिसरी: मात्रा ठरवणं

तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे ते मिसळवून देणारा वाहक लागतो. काही जण अल्कोहोलमध्ये विरघळवतात. यीस्टसाठी ते टाळा, कारण यीस्ट अल्कोहोल खातंही आणि त्यावर जगताना कॅटालेज वाढवतंही. मी ट्वीन-८० हा साबणासारखा पदार्थ वापरतो, फ्लास्कमध्ये शेवटी ०.०५ टक्क्याहून जास्त नाही. माणसाच्या पेशींवर काम करणारे डायमिथाइल सल्फॉक्साइड घेतात. ते स्वतःच हायड्रॉक्सिल रॅडिकल पकडतं, म्हणून ०.१ टक्क्याच्या पुढे जाऊ नये. वाहक कुठलाही असो, 'नुसता वाहक' असा वेगळा फ्लास्क हवाच. 'काहीही न घातलेला' फ्लास्क त्याची जागा घेऊ शकत नाही.

मात्रांची शिडी लावा: मिलिलिटरला १०, २५, ५०, १००, २०० आणि ४०० मायक्रोग्रॅम. दोन तास ठेवा. मग प्रत्येकातून थोडं घेऊन पातळ करा, प्लेटवर पसरा आणि दोन दिवसांनी कॉलन्या मोजा. ज्या मात्रेला नव्वद टक्के किंवा जास्त पेशी जगल्या, तिथपर्यंतच एन्झाइम मोजायला अर्थ आहे. त्यावरच्या मात्रांना तुम्ही मरणाऱ्या पेशींचा पंचनामा करत असता. ओव्याचं तेल रोशाच्या तुलनेत लवकर मारतं असा माझा अनुभव आहे. तुमच्या तेलाची हद्द तुम्हीच शोधा.

फ्लास्कला कापसाचा बोळा लावू नका, तेल उडून जातं. काचेच्या बाटल्यांना स्क्रूचं झाकण, आत एक भाग द्रवाला चार भाग मोकळी हवा, एवढं पुरे. प्लास्टिकच्या नळ्या तेल शोषून घेतात. कंट्रोल आणि तेलाच्या बाटल्या एकाच बंद डब्यात शेजारी ठेवू नका. पेशींच्या ९६ खणांच्या प्लेटवर तर हे फारच होतं. एका ओळीतल्या तेलाची वाफ शेजारच्या ओळीत जाते आणि तेल न दिलेल्या पेशी मरतात. वास येतो तिथे रेणू पोचलेला असतो.

पायरी चौथी: पेशी फोडणं

इथेच माझं नाक कापलं गेलं होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

दोन तासांनी पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा, वरचं पाणी फेका आणि थंड फॉस्फेट बफरने, पीएच ७, दोनदा धुवा. धुतलं नाही तर उरलेलं तेल पुढच्या प्रत्येक मोजमापात लुडबुड करतं. मग ०.५ मिलिमीटरचे काचेचे मणी, थोडा बफर, आणि नळी जोरात हलवणारं व्हॉर्टेक्स यंत्र. तीस सेकंद हलवायचं, तीस सेकंद बर्फात ठेवायचं. असं आठ वेळा. बर्फ टाळला तर मण्यांच्या घर्षणाने नळी कोमट होते आणि एन्झाइम बिघडतं. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघा. अखंड पेशी लख्ख कडेच्या दिसतात, फुटलेल्या मळकट सावलीसारख्या. दहातल्या आठ तरी फुटलेल्या हव्यात, आणि महत्त्वाचं म्हणजे कंट्रोलमध्ये आणि तेलवाल्यात सारख्याच प्रमाणात. तेलाने भिंत आधीच कमजोर झालेली असेल तर त्या पेशी लवकर फुटतात आणि पुन्हा तोच खोटा फरक दिसतो.

सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर, म्हणजे गुरुत्वाच्या दहा हजार पट जोराने, दहा मिनिटं फिरवा. वरचं स्वच्छ पाणी म्हणजे तुमचा अर्क. तो बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मोजा. 'उणे वीसला ठेवू, सोमवारी मोजू' असं म्हणालात आणि शनिवारी लाइट गेली, तर सोमवारी हातात काय राहतं ते मी भोगून झालो आहे.

प्रत्येक अर्कातलं प्रथिन ब्रॅडफर्ड पद्धतीने, ५९५ नॅनोमीटरवर, मोजा. एन्झाइमचा आकडा नेहमी दर मिलिग्रॅम प्रथिनामागे द्यायचा असतो. दर मिलिलिटरमागे दिलेला आकडा काहीच सांगत नाही.

पायरी पाचवी: कॅटालेज मोजणं

शाळेसाठी साधी पद्धत आधी. मेडिकलच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण ६ टक्क्यांचं असतं. एक भाग ते आणि पाच भाग पाणी घेतलं की १ टक्का झालं. हातमोजे घाला, बोटं पांढरी पडतात. पंचिंग मशीनने गाळणकागदाच्या चकत्या पाडा, चकती अर्कात बुडवा, निथळा आणि चिमट्याने पेरॉक्साइडच्या तळाशी सोडा. चकतीभोवती बुडबुडे जमतात आणि ती वर येते. तळापासून पृष्ठभागापर्यंत किती सेकंद लागले ते मोजा. वेळ कमी, तर कॅटालेज जास्त. दहा चकत्यांची सरासरी घ्या. अखंड पेशी नको, अर्कच घ्या, का ते आता सांगायला नको. एका परीक्षानळीत उकळलेला अर्कही ठेवा. त्यात बुडवलेली चकती तळाशीच पडून राहिली पाहिजे. वर आली तर एन्झाइमशिवाय दुसरंच काहीतरी पेरॉक्साइड फोडतंय.

कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर घ्या, २४० नॅनोमीटर, क्वार्ट्झचं क्युव्हेट (नमुना ठेवायची चौकोनी नळी). साधी काच त्या तरंगलांबीला अंध असते. १० मिलिमोलर पेरॉक्साइडचं वाचन ०.४३ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर पेरॉक्साइडच जुनं आहे, उष्णतेत ते आपोआप विघटित होतं. दर वेळी ताजं पातळ करा. अर्क टाकला की वाचन उतरायला लागतं. पहिलं मिनिट धरा, पुढे वेग मंदावतो.

हिशेब एकदा उलगडून दाखवतो. समजा मिनिटाला ०.०६० इतकं वाचन उतरलं. पेरॉक्साइडचा स्थिरांक मिलिमोलरमागे ०.०४३६. भागलं तर १.३८ मिलिमोलर, म्हणजे मिलिलिटरमागे मिनिटाला १.३८ मायक्रोमोल. क्युव्हेटमध्ये ३ मिलि आहे, म्हणून मिनिटाला ४.१३ मायक्रोमोल, म्हणजेच ४.१३ युनिट. त्यात ५० मायक्रोलिटर अर्क टाकला होता आणि अर्कात मिलिलिटरला २ मिलिग्रॅम प्रथिन होतं, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम प्रथिन. उत्तर दर मिलिग्रॅमला ४१.३ युनिट. मुलं बहुतेक वेळा ३ मिलिने गुणायचं विसरतात.

एसओडीसाठी पायरोगॅलॉलची पद्धत स्वस्त पडते. पायरोगॅलॉल पीएच ८.२ ला आपोआप पिवळं-तपकिरी पडतं, एसओडी ते रोखतं, ४२० नॅनोमीटरवर बघायचं. वेग निम्म्यावर आणायला लागतं तेवढं एन्झाइम म्हणजे एक युनिट. इथे एक धोका आहे. धुताना राहून गेलेलं थायमॉल किंवा युजेनॉलही हा रंग रोखू शकतं, म्हणून उकळलेल्या अर्काचा कंट्रोल इथेही ठेवा.

शेवटी एमडीए. पटलातली चरबी जळली की मॅलॉनडायअल्डिहाइड बनतं. थायोबार्बिट्यूरिक आम्लाबरोबर उकळलं की गुलाबी रंग येतो, तो ५३२ नॅनोमीटरवर मोजायचा. पद्धत ढोबळ आहे, साखरेनेही थोडा रंग येतो, पण नुकसान झालं की नाही याची दिशा कळते. आणि ती कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पायरी सहावी: आकड्यांचा अर्थ

कॅटालेज वाढलं, एसओडी वाढलं, एमडीए तेवढंच राहिलं किंवा घटलं, तर पेशीने हलकी सूचना ऐकून तयारी केली असं म्हणायला जागा आहे. दोन्ही एन्झाइमं वाढली पण एमडीएही वाढलं, तर घर जळतंय आणि बंब आले आहेत. याला 'संरक्षक परिणाम' म्हणू नका. दोन्ही घटली आणि एमडीए चढलं, तर मात्रा जास्त झाली. एसओडी एकटंच चढलं, तर पेरॉक्साइड कुठे जातंय ते शोधा.

वाढ खरी असेल तर पुढचा प्रश्न: पेशीने नवीन एन्झाइम बनवलं की असलेल्यालाच तेलाने चेव आणला? कंट्रोलच्या अर्कात तेल थेट टाकून लगेच मोजा. तिथेही वाढ दिसली तर जनुकांची गोष्ट सांगू नका. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तरी मला प्रोजेक्टांत ती क्वचितच दिसते.

आणि एकाच फ्लास्कमधून तीन वाचनं घेणं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या कॉलन्यांपासून वाढवलेलं यीस्ट, तेव्हा कुठे तीन.

खरी कसोटी

एन्झाइम वाढलं तर पेशीला त्याचा उपयोग झाला पाहिजे. सुरक्षित मात्रेचं तेल दोन तास द्या, पेशी नीट धुवा, मग २ ते ५ मिलिमोलर पेरॉक्साइड एक तास द्या आणि प्लेटवर कॉलन्या मोजा. तेल आधी मिळालेल्या पेशी जास्त जगल्या तर तुमच्या हाती काहीतरी आहे. धुण्याची पायरी इथे गाळलीत तर तेल बाहेरच पेरॉक्साइडशी किंवा पटलाशी झगडत बसतं आणि पेशीने काय केलं ते कळत नाही.

यीस्टवर चांगलं जमलं आणि माणसाच्या पेशींवर जायचं असेल, तर पेशी पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सकडून अधिकृतपणे मागवता येतात. तिथे जगण्याची चाचणी एमटीटीने करतात, जिवंत पेशी या द्रव्याचा रंग बदलतात. पण फिनॉल असलेली तेलं पेशी नसतानाही एमटीटीचा रंग बदलू शकतात. म्हणून पेशी नसलेल्या खणातही तेल आणि एमटीटी टाकून बघा.

हे सगळं काचेतलं काम आहे. घरातलं कोणी 'मग रोज दोन थेंब घेऊ का?' असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. ओव्याचं शुद्ध तेल जिभेला आणि अन्ननलिकेला भाजतं, आणि लहान मुलांच्या हाती तर ती कुपी लागताच कामा नये. भज्यांत ओवा घालावा, तेवढा पुरे.

तेलाच्या कुप्या आणि यीस्टचे स्लँट, म्हणजे यीस्ट जपायच्या तिरक्या आगरच्या नळ्या, एका फ्रीजमध्ये ठेवू नका. आमच्या इथे गेल्या हिवाळ्यात रोशाच्या एका कुपीचं झाकण सैल राहिलं. आठवड्याभरात फ्रीजमधल्या आगरला गुलाबाचा वास यायला लागला. त्या स्लँटवरून वाढवलेलं यीस्ट मी कंट्रोल म्हणून वापरणार होतो. सगळे स्लँट टाकले आणि नव्याने सुरुवात केली.